ठरणे आणि होणे

मुंबई-नागपूर हा रेल्वेचा मुख्य मार्ग यवतमाळला बाजूला ठेवून जातो. पूर्वी बाहेरगावच्या माणसाला एक तर धामणगावला उतरून पुढचा रस्ता धरावा लागे, नाहीतर मूर्तिजापूरला गाडी बदलून शकुंतलेत बसावे लागे. १९०३ साली सुरू झालेली ही अरुंद रुळांची गाडी कारंजा, दारव्हा अशी गावे घेत कपाशीच्या शिवारांतून यवतमाळला पोहोचे. ती आणली होती वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी. पण १९५३ नंतर या आडवळणाच्या गावाकडे वेगळ्याच कामासाठी तरुण येऊ लागले. कोणी केरळातून, कोणी आंध्रातून, कोणी थेट नागालँड-मिझोरामच्या डोंगरांतून. त्यांना यवतमाळच्या 'युनियन बिब्लिकल सेमिनरी'त शिकून पाळक व्हायचे होते. तिथे हिब्रू आणि ग्रीक भाषा होत्या, चर्चचा इतिहास होता, प्रवचनाचा अभ्यास होता. आणि या सगळ्यांच्या तळाशी एक प्रश्न होता : बायबलच्या मते माणूस नीतिमान होऊ शकतो का?

हा प्रश्न यवतमाळात कसा आला आणि तिथे त्याचे काय झाले, याची ही हकिगत आहे. ती सांगावीशी वाटते, कारण आपल्या जिल्ह्यांचा इतिहास लिहिताना आपण कापूस, रेल्वे, दुष्काळ आणि चळवळी यांच्यापाशी थांबतो. एखाद्या गावात माणसे कशाचा खोलवर विचार करत होती, हाही त्या गावाचा इतिहासच असतो.

आधी प्रश्नाचे स्वरूप पाहू. बायबल सहज उघडले, तर त्यात नीतिमान माणसे पानोपानी भेटतात. जलप्रलयातून वाचलेला नोहा नीतिमान म्हटला आहे. ईयोबाच्या पुस्तकाची सुरुवातच त्याच्या निर्दोषपणाने होते आणि मराठी बायबलमध्ये त्याला 'सात्त्विक' हा आपल्या मातीतला शब्द लाभला आहे. येशूच्या जन्मकथेत मरियेचा पती योसेफ नीतिमान आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे आईबाप, जखऱ्या आणि अलीशिबा, हेही तसेच. सदोम नगराचा नाश टळावा म्हणून अब्राहाम देवाशी घासाघीस करतो. पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? तीस? असे करत तो दहावर येतो. नीतिमान माणूस असूच शकत नसेल, तर या सौद्याला काही अर्थच उरत नाही.

आणि मग पौलाचे रोमकरांस पत्र येते. तिसऱ्या अध्यायात तो जुन्या स्तोत्रांतली वचने एकामागून एक रचतो आणि निकाल देतो की नीतिमान असा कोणीही नाही, एकसुद्धा नाही. उपदेशकाचे पुस्तकही हेच सांगते की चांगलेच करतो आणि कधी पाप करत नाही असा माणूस पृथ्वीवर सापडणार नाही.

दोन्ही बाजू एकाच ग्रंथात आहेत, इतकेच नाही. ज्या चौदाव्या स्तोत्रातून पौलाने आपले पहिले वचन उचलले, ते स्तोत्र पुढे वाचले तर दोनच ओव्यांनंतर नीतिमानांच्या पिढीसोबत देव असतो, असे सांगितलेले आढळते. एका श्वासात 'कोणी नाही' आणि दुसऱ्या श्वासात 'त्यांच्यासोबत देव आहे'. योहानाच्या पहिल्या पत्रातही हाच ताण आहे. आपल्यात पाप नाही असे म्हणणारा स्वतःला फसवतो, असे पहिला अध्याय सांगतो. देवापासून जन्मलेला पाप करत नाही, असे तिसरा अध्याय सांगतो. दोन हजार वर्षे शहाणी माणसे या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत उभी राहून विचार करत आली आहेत.

यवतमाळात हा विचार पोहोचला तो न्यूयॉर्क राज्यातल्या पेकिन नावाच्या खेड्यातून. १८६० च्या ऑगस्टमध्ये तिथे 'फ्री मेथॉडिस्ट चर्च'ची स्थापना झाली. तिचे प्रवर्तक बेंजामिन टायटस रॉबर्ट्स. ते मूळच्या मेथॉडिस्ट चर्चचे पाळक होते, पण तिथल्या ऐषारामावर आणि ढिलाईवर त्यांनी लेखणी चालवली, म्हणून १८५८ साली त्यांना काढून टाकण्यात आले. त्या काळी अमेरिकेतल्या अनेक चर्चांत बसायची बाके विकली किंवा भाड्याने दिली जात. पैसेवाल्यांचे कुटुंब पुढे बसे, गरिबांनी मागे उभे राहायचे. रॉबर्ट्स आणि त्यांच्या साथीदारांनी ठरवले की आपल्या चर्चमध्ये बाके सर्वांना मोकळी असतील. नावातल्या 'फ्री'चा हा एक अर्थ. दुसरा अर्थ गुलामगिरीला विरोध. हे लोक गुलाम बाळगणाऱ्याला सभासद करून घेत नसत. साधे कपडे, दागिन्यांना फाटा, दारू आणि तंबाखू बंद, असे त्यांचे कडक नियम होते.

या सगळ्यामागे एक शिकवण होती. ती त्यांनी अठराव्या शतकातल्या जॉन वेस्लींकडून घेतली होती. २४ मे १७३८ रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका छोट्या सभेत रोमकरांस पत्रावरची मार्टिन ल्यूथरची प्रस्तावना वाचली जात होती आणि ती ऐकताना वेस्लींचे आयुष्य पालटले. ल्यूथरचे म्हणणे होते की माणूस स्वतःच्या कर्माने नीतिमान ठरत नाही. ख्रिस्तावरच्या विश्वासामुळे देव त्याला नीतिमान ठरवतो, आणि असा ठरवलेला माणूस आतून मात्र मरेपर्यंत पापीही राहतो. वेस्लींनी पहिला अर्धा भाग मनापासून स्वीकारला. दुसऱ्यापाशी ते थबकले. देव एखाद्याला नीतिमान ठरवतो आणि तसे करत मात्र नाही, हे त्यांना पटेना. देवाची कृपा माणसाला खरोखर बदलते, इतकी की याच जन्मी त्याचे मन प्रेमाने भरून जाऊ शकते आणि पापाची सत्ता तुटू शकते, असे ते शिकवू लागले. त्यांनी 'परिपूर्णता' हा शब्द वापरला आणि त्याचा अर्थही जपून सांगितला. अज्ञान, चुका, दुबळेपणा हे माणसात उरतेच. परिपूर्ण व्हायचे ते प्रेम. ही अवस्था आपण स्वतः गाठली, असा दावा त्यांनी केला नाही.

फ्री मेथॉडिस्टांनी हीच शिकवण आपल्या झेंड्यावर लिहिली. मराठी ख्रिस्ती मंडळींत तिचे नाव 'पूर्ण पवित्रीकरण'.

या चर्चचे पहिले मिशनरी जोडपे, अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड, १८८० च्या अखेरीस अमेरिकेतून निघाले आणि १८८१ च्या जानेवारीत मुंबईत उतरले. त्यांच्या पाठीशी पगार देणारी मोठी संस्था नव्हती. बऱ्हाणपुरात त्यांनी कामाला सुरुवात केली. त्यांच्या मागून इतर मिशनरी आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात फ्री मेथॉडिस्टांचे बस्तान यवतमाळात बसले. तेव्हा हा जिल्हा 'वणी जिल्हा' म्हणून ओळखला जाई. यवतमाळ हे जिल्ह्याचे नाव १९०५ च्या फेररचनेत आले. वणी आणि दारव्हा इथेही त्यांची ठाणी झाली.

आणि लगेच छप्पनचा दुष्काळ आला.

विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००. त्याआधी १८९६-९७ च्या दुष्काळाने लोक खचलेलेच होते. या वेळी पावसाने पूर्ण दगा दिला. ज्वारी गेली आणि कपाशीही गेली. वऱ्हाडात सहसा एक पीक गेले तर दुसरे हात देई. त्या वर्षी दोन्ही हातून गेली. गुरे हजारोंनी मेली. सरकारी कामांवर खडी फोडणाऱ्यांची रीघ लागली आणि त्यामागून पटकी आली. आईबाप गमावलेली मुले रस्त्यावर आली. मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या जवळजवळ प्रत्येक मिशनने त्या वर्षांत अनाथालये उघडली, यवतमाळच्या मिशननेही मुलांना आसरा दिला. पवित्र जीवनाची शिकवण देण्यासाठी सातासमुद्रापलीकडून आलेल्या माणसांच्या हातात पहिले काम आले ते पेज शिजवण्याचे.

मला इथे इतिहासाचा एक खोल अर्थ दिसतो. नीतिमत्त्वाचा प्रश्न ग्रंथालयात सुटतो असे वाटणाऱ्याला दुष्काळ जागे करतो. अन्नाविना मरणाऱ्या पोरासमोर उभे राहून 'माणूस चांगला होऊ शकतो का' असे विचारले, तर उत्तर शब्दांत देता येत नाही, ते हातांनीच द्यावे लागते. याकोबाचे पत्र हेच सांगते. उघड्या-उपाशी भावाबहिणीला कोरडा आशीर्वाद देऊन वाटेला लावणारा विश्वास मेलेला आहे, असे त्याचे म्हणणे. म्हणूनच याकोब ठामपणे लिहितो की माणूस केवळ विश्वासाने नव्हे, कृतींनीही नीतिमान ठरतो. ल्यूथरला हे पत्र कायम खटकत राहिले. यवतमाळच्या दुष्काळात राबलेल्यांना ते खटकण्याचे कारण नव्हते.

याच वर्षांत मराठी मुलखात इतरत्रही हा प्रश्न माणसांना भिडत होता. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या गाडीत नारायण वामन टिळकांना एक युरोपियन सहप्रवासी भेटला आणि त्याने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. टिळक वाचत गेले आणि मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांपाशी, म्हणजे डोंगरावरच्या प्रवचनापाशी, पूर्ण गुंतले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवचनात येशू नीतिमत्त्वाची भूक आणि तहान लागलेल्यांना धन्य म्हणतो, आणि पुढे स्वर्गातल्या पित्यासारखे परिपूर्ण व्हा, अशी आज्ञाही करतो. कोणी म्हणेल, ही आज्ञा अशक्य आहे, माणसाला त्याची असमर्थता कळावी म्हणूनच ती दिली आहे. टिळकांनी ती तशी वाचली नाही. त्यांना ती जगण्याची हाक वाटली. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे सांगणारा हा कवी होता. स्वतःला पतित म्हणवणारे आणि त्याच वेळी देवाकडे हक्काने भांडणारे तुकोबा ज्याच्या कानात घुमत होते, त्याला पौलाचा निकाल आणि डोंगरावरचे प्रवचन यांत विरोध दिसला नाही.

पंडिता रमाबाईंची वाट निराळी होती. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण पुढे आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने लिहिले की त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो पुढे आठ वर्षांनी सापडला. एवढी विद्या, एवढी तळमळ, विधवांसाठी उभारलेले शारदा सदन, इतके सारे गाठीशी असलेली बाई स्वतःच्या चांगुलपणावर विसंबायला तयार नव्हती. दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, शेकडो मुलीबायांना केडगावच्या मुक्ती सदनात घेऊन आल्या. १९०५ साली मुक्ती सदनात मोठी धार्मिक जागृती झाली. मुली रडत पापांची कबुली देत होत्या आणि मग आनंदाने गात होत्या. त्या जागृतीचे पडसाद महाराष्ट्रभरच्या मिशनांत उमटले.

रमाबाईंनी आयुष्याची शेवटची अनेक वर्षे बायबलच्या मराठी भाषांतराला दिली, तेही मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून. त्यांच्या छापखान्यात मुक्ती सदनातल्या बायकांनीच खिळे जुळवले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण भाषांतर १९२४ साली बाहेर पडले. एका संस्कृत पंडितेला भाषांतराची इतकी निकड का वाटली? कारण शब्द बदलला की शिकवण बदलते, हे तिला ठाऊक होते.

शब्दाचा हा धागा वऱ्हाड-नागपूरच्या मराठीशी फार आधीपासून जोडलेला आहे. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी मराठी नवा करार छापला तो १८११ साली. त्यांना मराठी शिकवणारे आणि भाषांतरात मदत करणारे पंडित वैजनाथशर्मा नागपूरकडचे. त्यामुळे पहिल्या मराठी नव्या कराराच्या बोलीवर पूर्वेकडची छाप पडली, आणि कोकण-पुण्याकडे ती परकी वाटते अशी तक्रारही झाली. पुढे मुंबईच्या अमेरिकन मिशनने स्वतंत्र भाषांतर केले आणि अनेकदा सुधारले.

आज मराठी ख्रिस्ती घरांत रुळलेला शब्द आहे 'नीतिमान'. मराठी कानाला तो ऐकताच सदाचारी, सच्छील माणूस डोळ्यांसमोर येतो. मूळ हिब्रू शब्द 'त्सद्दीक' याहून रुंद आहे. नात्याला, कराराला, दिल्या शब्दाला जागणारा तो त्सद्दीक. उत्पत्तीच्या अडतिसाव्या अध्यायात तामारेची गोष्ट आहे. ती विधवा सून. सासरा यहूदा तिला शब्द देतो आणि पाळत नाही. शेवटी ती वेश्येचा वेश घेऊन त्याच्याकडूनच आपला हक्क मिळवते. सत्य उघडकीला आल्यावर यहूदा सर्वांसमक्ष कबूल करतो की ती माझ्यापेक्षा नीतिमान आहे. आपल्या सदाचाराच्या मोजपट्टीत तामार बसत नाही. पण कुटुंबाची जबाबदारी तिने पेलली आणि यहूदाने टाळली. बायबलमधले नीतिमत्त्व मोजायला ही गोष्ट जवळ ठेवावी. नोहा आणि ईयोब नीतिमान होते म्हणजे त्यांच्या हातून कधी चूकच झाली नाही, असे बायबल म्हणत नाही. ते देवाशी आणि माणसांशी असलेल्या नात्याला जागले, एवढे ते म्हणते. पौल 'कोणी नाही' म्हणतो ते वेगळ्या दरबारात. तिथे कसोटी आहे, देवापुढे स्वतःच्या बळावर कोण निर्दोष उभा राहील याची. दोन वाक्ये दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

मराठीत ही गाठ क्रियापदांनी सुटते. नीतिमान असणे, नीतिमान ठरणे, नीतिमान होणे. 'ठरणे' हा न्यायासनासमोरचा शब्द आहे. निवाडा दुसरा कोणी देतो. 'होणे' हा वाढीचा शब्द आहे. रोप झाड होते, मूल माणूस होते. ल्यूथरने 'ठरणे' घट्ट धरले. १५४७ साली ट्रेंटच्या परिषदेत कॅथलिक चर्चने ठासून सांगितले की कृपा माणसाला आतून नीतिमान करते. वेस्लींनी दोन्ही क्रियापदे एका वाक्यात बसवायचा यत्न केला : विश्वासाने ठरायचे आणि कृपेने व्हायचे. मराठी बायबल वाचणारी वऱ्हाडातली बाई ग्रीक शिकली नसेल, पण 'ठरली' आणि 'झाली' यांतला फरक तिला कोणी समजावून सांगावा लागत नाही.

'नीतिमान कोणीच नाही' या शिकवणीवरचा सगळ्यात गंभीर आक्षेप याच विदर्भाच्या इतिहासाशी बांधलेल्या माणसाने घेतला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांविषयी सविस्तर लिहिले. ते लेखन त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. त्यांचा मुद्दा असा होता की माणसाच्या अधोगतीचे मूळ त्याच्या पापात आहे, असे शिकवले की अस्पृश्याला वाटू लागते की आपली दुर्दशा आपल्याच पापामुळे आहे. त्याला चिरडणारी समाजरचना मग नजरेआड होते. ती बदलण्याची ऊर्मीही विझते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या गावोगावच्या माणसांनी त्यांच्या मागून तीच वाट धरली.

हा आक्षेप बाजूला सारता येत नाही, सारूही नये. ज्याच्या वाट्याला विहिरीचे पाणीही येत नाही, त्याला 'नीतिमान कोणीच नाही' एवढेच सांगून थांबणे हा अन्याय आहे. पण पौलाचे वाक्य कोणाला उद्देशून आहे, हेही पाहायला हवे. रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो धर्मशास्त्र हाती असल्याचा अभिमान बाळगणाऱ्यांना फैलावर घेतो. आपण जन्माने आणि विधीने शुद्ध, बाकीचे अशुद्ध, अशी जी उतरंड माणसे रचतात, ती तो तिसऱ्या अध्यायात सपाट करतो. जन्माने कोणी नीतिमान नाही, याचा दुसरा अर्थ जन्माने कोणी अपवित्रही नाही. यहूदी नसलेल्या कर्नेल्याच्या घरी जाण्याआधी प्रेषित पेत्राला हाच धडा मिळतो. कोणत्याही माणसाला अशुद्ध म्हणू नये, हे त्याला दृष्टांतात शिकवले जाते. रॉबर्ट्सची मोकळी बाके याच शिकवणीतून आलेली होती. ज्या चर्चांनी हे वाक्य गरिबांना गप्प करण्यासाठी वापरले, त्यांनी ते उलटे वाचले. बाबासाहेबांनी बोट ठेवले ते या उलट्या वाचनावर, आणि ते योग्यच होते.

आता पुन्हा १९५३ कडे येऊ. त्याच्या दोन वर्षे आधी, १९५१ च्या जानेवारीत, अकोल्यात 'इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडिया'ची स्थापना झाली. वऱ्हाडात तोवर निरनिराळ्या मिशनांचे जाळे पसरले होते. अकोल्याला ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, बुलढाणा-वाशीमकडे नॅझरीन चर्च, अमरावतीच्या भागात बॅप्टिस्ट, यवतमाळला फ्री मेथॉडिस्ट. प्रत्येकाची शाळा वेगळी, उपासनेची रीत वेगळी. स्वतंत्र भारतात परदेशी मिशनरी फार काळ राहणार नाहीत, हे सर्वांना दिसत होते. भारतीय पाळक घडवायचे तर एकत्र येणे भाग होते. यवतमाळात फ्री मेथॉडिस्टांची बायबल शिक्षणाची व्यवस्था आधीपासून होती. ती पाया मानून युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली. पहिले प्राचार्य फ्री मेथॉडिस्ट मिशनरी फ्रँक क्लाइन. न्यूझीलंडचे ब्रूस निकल्स यांच्यासारखे अध्यापक तिथे अनेक वर्षे शिकवत राहिले. १९७० च्या दशकात केरळचे डॉ. साफीर अत्याल प्राचार्य झाले आणि संस्थेची धुरा भारतीय हाती आली.

नावातला 'युनियन' हा शब्द सोपा नव्हता. बॅप्टिस्टांच्या बऱ्याच मंडळींत कॅल्विनची छाप होती : माणूस मुळापासून बिघडलेला आहे, तारण सर्वस्वी देवाच्या निवडीने होते, आणि या जन्मी पापापासून पूर्ण सुटका नाही. फ्री मेथॉडिस्ट आणि नॅझरीन याच्या नेमके उलट सांगत : पवित्रीकरण याच जन्मी पूर्ण होऊ शकते. केरळातून येणाऱ्या काही मुलांच्या मागे सिरियन ख्रिस्ती परंपरेची शतके होती. ईशान्येकडच्या मुलांच्या मागे बॅप्टिस्ट आणि प्रेस्बिटेरियन जागृतीची आठवण होती. या सर्वांना एकाच वर्गात रोमकरांस पत्र शिकायचे होते, एकाच पंगतीत जेवायचे होते, एकाच प्रार्थनागृहात गुडघे टेकायचे होते. युरोपात याच प्रश्नावरून देशच्या देश दुभंगले. वऱ्हाडात त्यावर मते वेगळी राहिली, पण चूल एक झाली.

त्या एकत्र राहण्याचे मोल मला फार वाटते. पूर्ण पवित्रीकरण मानणाऱ्याला रोजच्या सहवासात दिसे की आपला राग अजून गेलेला नाही. या जन्मी पवित्र होणे अशक्य मानणाऱ्याला दिसे की शेजारचा माणूस खरोखर बदलला आहे. मत बदलो न बदलो, अशा घरात माणूस स्वतःच्या मताला थोडा नम्रपणे धरायला शिकतो. पवित्रतेच्या शिकवणीचा मोठा धोका असतो तो अहंकाराचा, आणि कृपेच्या शिकवणीचा मोठा धोका असतो तो आळसाचा. दोघांना एकमेकांची गरज असते.

बाहेरच्या जगातही पुढे पुष्कळ वाटा जवळ आल्या. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्गला कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी याच विषयावरच्या संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. २००६ साली जागतिक मेथॉडिस्ट परिषदही त्यात सामील झाली. माणूस देवाच्या कृपेनेच स्वीकारला जातो आणि तीच कृपा त्याला सत्कर्मासाठी नवा करते, अशी त्याची मध्यवर्ती भूमिका. ठरणे आणि होणे, दोन्ही त्यात आले.

१९८३ साली सेमिनरी यवतमाळ सोडून पुण्याला बिबवेवाडीत गेली. तीस वर्षांत इथून शिकून गेलेली माणसे देशभर पसरली होती. शकुंतलाही काही वर्षांपासून थांबली आहे. यवतमाळचे नाव आता वर्तमानपत्रांत येते ते बहुधा कर्ज आणि आत्महत्या यांच्या बातम्यांत. मग तो जुना प्रश्न इथून गेला का?

लूकच्या शुभवर्तमानात अठराव्या अध्यायात एक गोष्ट आहे. मंदिरात दोघे प्रार्थनेला जातात. एक परूशी, आपल्या उपासांचा आणि दानाचा हिशेब देवाला ऐकवणारा. दुसरा जकातदार, दूर उभा राहून छाती पिटणारा. येशू सांगतो की नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार. ल्यूथरला आवडणारी ही गोष्ट इथे संपते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो जकातदार पुन्हा नाक्यावर जाऊन बसला असेल, तेव्हा त्याने काय केले, हे गोष्टीत सांगितलेले नाही.

ते लूक पुढच्याच अध्यायात सांगतो, दुसऱ्या एका माणसाच्या रूपाने. यरीहो गावातला जक्कय हा जकातदारांचा मुख्य आणि गब्बर श्रीमंत. येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून उतरतो, आणि तेही जक्कयाने काही चांगले करण्याआधी. मग जक्कय उभा राहतो आणि म्हणतो की अर्धी संपत्ती गरिबांना देतो, आणि कोणाला लुबाडले असेल त्याला चौपट परत करतो. पाहुणा दारात आला तेव्हाच जक्कय स्वीकारला गेला होता. लुबाडलेले परत करायला तो उठला, तेव्हा तो नीतिमान होऊ लागला.

व्याजाच्या फासात शेतकरी अडकलेल्या जिल्ह्यात ही गोष्ट वाचावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. बायबल माणसाला नीतिमान होता येते असे शिकवते का, या प्रश्नाला माझे उत्तर 'होय' असे आहे. पण ते 'होय' माणसाच्या तोंडी शोभत नाही. ते त्याच्या दारातून चौपट घेऊन परतणाऱ्याने सांगायचे असते.